भाकरीची खिडकी

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. हे वय शाळेत लावलेलं. बाप गुरुजींना म्हणाला, "पोरगं पोळ्याच्या आगंमागं झालं," आणि गुरुजींनी जे लिहिलं ते माझं वय झालं. त्या शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. पुढं नांदेडकडून हैदराबादला आलो तो थापी धरायलाच, आणि चाळीस वर्षं ती खाली ठेवली नाही. विद्यानगरच्या रेल्वे रुळांमागं आमची वस्ती आहे. तिथं सगळे मला मेस्त्री म्हणतात. तेलुगू माणूस म्हणतो, मुसलमान म्हणतो, आमची माणसंही म्हणतात. नावानं हाक मारणारे आता फार थोडे राहिलेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. मेस्त्री हे नाव मी कमावलेलं आहे.

ते नाव राखायला मी जे केलं ते आता लिहून काढतो. कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलंही नसतं.

त्या वर्षी वस्तीत पक्की घरं बांधायला घेतली होती. जागेचे पट्टे हातात आले होते. थोडी मदत सरकारची, थोडी बचतगटाची, अंगमेहनत ज्याची त्याची. एक संस्था मधे पडली आणि म्हणाली, ठेकेदार नको, तुमची घरं तुम्हीच बांधा, नकाशे काढायला आम्ही माणूस देतो. माणूस म्हणून आली ती चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी. पाठीला बॅग, गळ्यात टेप, पायात चपला. मी मनात म्हटलं, हिला साधी वीट उचलता येईल का?

"नमस्कार, आजोबा."

"आजोबा घरी. इथं मेस्त्री."

"बरं. नमस्कार, मेस्त्री."

घर तिचं नारायणगुड्यात. माणसं मूळची आमच्याच बाजूची, शेतीवाली, पण दोन पिढ्यांपासून इथं नोकरी करणारी. मराठी बोलायची ती अशी: "मेस्त्री, ती वॉल जरा पीछे घेतली तर चलतंय ना?" ऐकून माझ्या हाताखालचे गवंडी तोंड फिरवून हसायचे. इथं तिचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहितोय.

पहिल्याच आठवड्यात मी तिला चारचौघांत विचारलं, "पगार कोण देतं तुला?"

"पगार नाही, मेस्त्री. फेलोशिप."

"ते काय असतं?"

"दोन वर्षं मानधन देतात. वस्तीत राहून लोकांबरोबर घरं करायची. एक मोठे सर आहेत, ते शिकवतात, चुकलं तर सांगतात. वर्ष झालं की बघायला येतात. ठीक चाललं असेल तर दुसरं वर्ष."

"आणि आमच्याकडून काय घेणार?"

"काहीच नाही. म्हणून तर येता आलं. फी मागितली असती तर तुम्ही मला दारात उभं केलं असतं का?"

"फुकटच्या डॉक्टरचं औषध लागत नाही, पोरी."

सगळे हसले. तीही हसली. "मग रोज एक चहा पाजा. तीच माझी फी."

तो चहा मी वर्षभर पाजला. ते एवढंच मी नीट केलं.

तिच्या बरोबरीची पोरं शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारती काढत होती. आईला तेच हवं होतं. घरी रोज वाद व्हायचा. पोरगी म्हणायची, सर सांगतात पहिलं वर्ष ऐकायचं, दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हातानं बांधायचं. दुसरं वर्ष मिळालं नाही तर आईचं ऐकावं लागेल. शनिवारी त्या सरांचा फोन यायचा. ती जोत्यावर बसून आठवडाभर काय काय चुकलं ते त्यांना सांगायची. मला ते नवल वाटायचं. चूक झाकायची असते एवढंच मला साइटवर चाळीस वर्षांत कळलं होतं. ही पोरगी फोन करून सांगत होती.

तिची काम करायची रीत वेगळी. आधी घरात जाऊन भांडी मोजायची. कोण कुठं झोपतं, पाय कुणीकडं करतं, म्हातारीला रात्री उठताना कशाचा आधार लागतो, हे विचारायची. मग जोत्यावर खडूनं आख्खं घर काढायची, खऱ्या मापाचं. घरच्या माणसांना त्यात झोपवायची, उठवायची, चूल मांडल्यासारखं बसवायची. आडवं आलं की पायानं पुसून दुसरी रेघ. मी तिला रांगोळीवाली म्हणायचो, आणि ती रेघा काढत असली की इराण्याच्या हॉटेलात जाऊन बसायचो. मेस्त्रीनं उभं राहून रांगोळी बघायची होय?

आता खरं सांगतो. नकाशा मला कधीच वाचता आला नाही. मोठमोठ्या साइटवर इंजिनिअर वाचायचा, तोंडानं सांगायचा, मी एकदा ऐकलं की दोरी लावायचो. माझी भिंत कधी सुताभर हलली नाही. त्यामुळं कुणाला कळलं नाही. अक्षरं मला येतात, पण जुळवून जुळवून, आणि वाचताना ओठ हलतात. हलणारे ओठ चारचौघांना दिसतात. म्हणून मी कुणासमोर वाचत नसे.

पोरीनं पहिला नकाशा आणला तो इंग्रजीत. चार माणसं उभी होती. मी तो तिच्या हातात परत दिला. "हे इंग्रजी आमच्या काय कामाचं? मराठीत लिहून आण, मग बघू."

मला वाटलं, संपलं. तिला मराठी लिहिता कुठं येत होतं? पंधरा दिवसांनी घेऊन आली. आजीजवळ बसून अक्षरं गिरवली होती. दार, चूल, मोरी, खिडकी. पहिलीतल्या पोरासारखं, एकेक अक्षर वेगळ्या उंचीचं.

"आता चालेल, मेस्त्री?"

"चालेल," म्हणालो, आणि कागद घडी करून खिशात घातला. एक अक्षर वाचलं नाही. तिथून पुढं प्रत्येक घराचा नकाशा ती मराठीत लिहून आणायची, मी तोंडानं वदवून घ्यायचो, आणि काम व्हायचं. चार घरं उभी राहिली. चांगली राहिली.

पाचवं घर भाकरीवाल्या मावशीचं. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ज्वारीच्या भाकरीवर जगणारी. उजव्या अंगाला गल्ली आहे, त्या गल्लीतून होस्टेलची पोरं जातात. तेलुगू पोरं "अम्मा, जोन्न रोट्टे" करत पत्र्याच्या घराला पाडलेल्या भोकातून हात घालायची आणि ती गरम भाकरी हातावर ठेवायची. डाव्या अंगाला शेजाऱ्याची भिंत, मधे हातभर बोळ. पोरीनं तिला चांगली रुंद खिडकी काढून दिली होती, गल्लीच्या बाजूला, आत चूल, बाहेर टेकायला फळी. खडूनं काढून मावशीला तिथं बसवलं होतं. मी नव्हतो. मी हॉटेलात होतो.

त्याच दिवशी बसल्या जागी तिनं तो नकाशा बटर पेपरवर उतरवला. बटर पेपर म्हणजे आरपार दिसणारा पातळ कागद, एका नकाशावर ठेवून दुसरा काढायला वापरतात. मला देताना म्हणाली, "मेस्त्री, हा फक्त ठेवा. मला आठ दिवस बाहेरगावी जायचंय, सगळ्या फेलोंना बोलावलंय, आपापलं काम दाखवायचंय. मी आले की पक्क्या नकाशाची प्रिंट आणते. प्रिंटशिवाय भिंत सुरू करू नका."

"बरं," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोत्याला पाणी मारलं. नवं जोतं, पाणी तर मारावंच लागतं. तिच्या खडूच्या रेघा पाण्याबरोबर गटारात गेल्या. बादली माझ्याच हातात होती.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. विटा आल्या होत्या, दोन गवंडी रिकामे बसले होते. आणि मनात हेही होतं की पोरगी तिकडं दुनियेला काम दाखवतेय, येईल तेव्हा आपण दारा-खिडक्यांवरच्या लिंटेलपर्यंत भिंत नेऊन दाखवू. म्हणेल, मेस्त्री ते मेस्त्रीच. बटर पेपर खिशातून काढला, जोत्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. दार समोर मधोमध. जागेवरही दार तिथंच. जुळलं. दोरी लावली.

तिसऱ्या थराला मावशी आली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "दादा, खिडकी तिकडं का घेतली? तिकडं तर बोळ आहे."

"नकाशात आहे ते."

"पण मी तर इकडं बसले होते..."

"बाई, भाकरी तुम्ही थापा. भिंत मला बांधू द्या."

गवंडी हसले. ती निघून गेली.

पोरगी आली ती बॅग पाठीवर असतानाच साइटवर आली. भिंती लिंटेलला लागल्या होत्या. भोवती फिरली. गल्लीच्या बाजूला मोरीची कोरी भिंत. बोळाच्या बाजूला ती रुंद खिडकी, समोर हातभर अंतरावर शेजाऱ्याच्या विटा. खिडकीतून नुसता हात बाहेर काढला तरी भिंतीला लागेल.

"मेस्त्री, तो कागद आहे का?"

दिला. मी जसा पसरला होता तसाच तिनं धरला. मग पालथा केला, उजेडाकडं धरला. आणि तेव्हा मला दिसलं. कागद मी उलटा ठेवला होता. आरपार दिसतो ना, रेघा दोन्हीकडून सारख्याच. नुसती अक्षरं उलटी दिसतात. अक्षरांकडं ज्यानं पाहिलं असतं त्याला लगेच कळलं असतं. त्याला तिसरीसुद्धा लागत नाही.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिलाही कळलं, नुसतं या घराचं नाही, वर्षभराचं सगळंच.

"तुझ्या कागदात तसंच होतं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि कागद घडी करून माझ्याच हातात परत दिला.

तिच्या बाजूचा पुरावा तेवढाच होता. तो तिनं स्वतःकडं ठेवला असता तर बरं झालं असतं. मी नंतर पुष्कळदा याच गोष्टीवर अडलोय.

दोन दिवसांनी बघायला लोक आले. फेलोशिपच्या एक बाई आणि ते शनिवारचे सर. बैठक विहारात भरली. चटया टाकल्या होत्या. सत्तरेक माणसं. बाई आधीच मावशीचं घर बघून आल्या होत्या, आणि प्रिंटआधीच भिंती उठल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी हिंदीत पोरीला विचारलं, बटर पेपरवर काम कसं काय सुरू झालं? पोरगी काही बोलायच्या आत त्या माझ्याकडं वळल्या. वडीलधारा मीच, मेस्त्री मीच.

"चाचा, आपको किसने बोला शुरू करने को?"

सगळी वस्ती बघत होती. माझे दोन गवंडी, ज्यांना मी ओळंबा धरायला शिकवलं. मावशी बायकांच्या रांगेत शेवटी. मी म्हणालो,

"उनोंच बोले."

तिनंच सांगितलं. दोन शब्द.

त्याच चटईवर बसून दर पौर्णिमेला आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते पोरांना पाठ करून घेतो. कुणी पुटपुटलं तर ओरडतो, मोठ्यानं म्हणा रे!

पोरगी उठून उभी राहिली. मला वाटलं, आता सांगेल. म्हाताऱ्याला वाचता येत नाही, मी नको म्हटलं होतं, ह्यानंच केलं. सांगायचा तिचा हक्क होता. ती म्हणाली, "साइटवर जे झालं त्याची जबाबदारी माझी आहे. प्रिंट दिल्याशिवाय मी जायला नको होतं." सरांनी मान खाली घातली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या वर्षाचं उद्या दुपारी सिकंदराबादच्या ऑफिसात ठरेल, म्हणाल्या आणि गेल्या.

बाहेर पडताना एक गवंडी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हौ मेस्त्री, पोरीच्या भरवशावर घर बांधायला निघाले होते सगळे!" मी हसलो. हसलो, हेही लिहितो.

दिवेलागणीला मावशी आली. ताटलीत दोन भाकरी, वर ठेचा. उंबऱ्याबाहेरच बसली.

"जयभीम, दादा. जेवला नसाल म्हणून आणल्या."

"तुझी खिडकी गेली आणि मला भाकरी घेऊन आलीस?"

"खिडकीचं बघू. भोकातून इतकी वर्षं विकल्या, आता दारात बसून विकीन." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ती माझ्याकडं येऊन गेली. म्हणाली, मावशी चूक माझी, मी दुरुस्त करते. मी म्हटलं, पोरी, खडू तूच मारलास आणि मीच त्याच्यात बसले होते. गल्लीकडं तोंड करून. मला काय माहीत नाही होय?"

"मग बैठकीत बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पिकल्या केसाचं हसं सगळ्यांसमोर मी करू? त्या पोरीनं केलं नाही. मी तर वस्तीतली."

"ती काय म्हणाली? माझ्याबद्दल?"

"काही नाही. म्हणाली, मेस्त्रीच्या हाताखाली एक वर्ष काढलं, दुसरं मिळालं तर भिंत बांधायला शिकायचं होतं." मावशी उठली. "भाकरी गार करू नका."

भाकरी मी खाल्ल्या नाहीत. खिशातून तो कागद काढला आणि दिव्याखाली धरला. या वेळी सरळ. एकेक अक्षर जुळवत गेलो. दार. मोरी. चूल. गल्लीच्या बाजूला, सगळ्यात मोठ्या अक्षरात: भाकरीची खिडकी. आणि खाली कोपऱ्यात, बारीक: मेस्त्री, ही बाजू गल्लीकडं. तिला भीती असणार, म्हणून लिहिलं होतं. माझ्यासाठी, माझ्या भाषेत, आजीकडून शिकून. मी ते इतके दिवस खिशात घेऊन फिरत होतो.

बापानं मला सांगितलं होतं, कुणासमोर मान खाली घालू नको. गावात आमच्या माणसांनी पुष्कळ घातली होती, म्हणून सांगितलं होतं. त्या सांगण्याचा मी असा उपयोग केला की एका पोरीला माझ्या वाटची मान खाली घालावी लागली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी फार मोठं काही केलं असं कुणाला वाटणार नाही. तिला दुसरं वर्ष मिळालं, पण आमच्या वस्तीत नाही. बाई म्हणाल्या, इथं विश्वासाची घडी मोडली, पोरीला दुसरीकडं काम करू द्या. ती मूसी नदीच्या पलीकडं एका वस्तीत गेली. आमच्याकडं दुसरा मुलगा आला, शहाणा आहे, पण लोकांना खडूच्या घरात झोपवत नाही. मावशीची खिडकी मी नंतर स्वतः छन्नी-हातोडा घेऊन फोडून काढली, मोरी मागं सरकवली, चूल गल्लीकडं आणली. भाकरी तिथून जाते. पण फोडून काढलेली खिडकी बांधलेल्या खिडकीसारखी नसते, त्या कडेचा गिलावा दर पावसाळ्यानंतर सुटतो आणि दर वेळी मी जाऊन लिंपतो. पोरीचा अधूनमधून फोन येतो. "मेस्त्री, चहा बाकी आहे," म्हणते. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

पण त्या दुसऱ्या सकाळचं राहिलं.

सकाळी धुतलेला शर्ट घातला. कागद खिशात घातला. पहिल्यांदा त्या दोन्ही गवंड्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, चला माझ्याबरोबर. कुठं म्हणून विचारलं, सांगितलं नाही. बसनं सिकंदराबादला गेलो. ऑफिस उघडायचं होतं. पायऱ्यांवर तिघं बसून राहिलो. बाई आल्या, मागून सर आले. पोरगी अजून आली नव्हती, आणि मला तेच बरं वाटलं, हेही खरं.

मी कागद टेबलावर उलटा पसरला. म्हटलं, मी असा ठेवला होता. तिनं नको म्हटलं होतं, मी सुरू केलं. काल मी खोटं बोललो, विहारात बसून. मग कागद पालटून सरळ केला. बाई म्हणाल्या, "चाचा, बैठिए, पानी पीजिए." मी बसलो नाही. अक्षरावर बोट ठेवलं आणि त्या दोघांसमोर, माझ्या दोन्ही गवंड्यांसमोर, ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.